ट्रेलरवर स्टीलची कॉईल कशी बांधावी: जागा, बैठक, चेन आणि घाटाआधीची तपासणी

डोलवीच्या स्टील कारखान्यातून चाकण-रांजणगावच्या दिशेने निघालेली हॉट रोल्ड कॉईल, म्हणजे गरम लाटून गुंडाळलेला पत्रा, सहज २० टनांच्या पुढे जाते. दिसायला मात्र तेवढी वाटत नाही. बाहेरचा व्यास पावणेदोन-दोन मीटर, रुंदी सव्वा-दीड मीटर, की संपली. ४० फुटी ट्रेलरवर एक कॉईल ठेवली तर बाकीचा डाला मोकळाच राहतो. सळई, प्लेट किंवा पोती भरण्याची सवय असलेला ड्रायव्हर इथे फसतो, कारण त्या मालाचं वजन डालाभर पसरलेलं असतं आणि तो घरंगळत नाही. कॉईलचं सगळं वजन दीड मीटरात एकवटलेलं, शिवाय ती गोल.

म्हणून चेन हातात घेण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: ही कॉईल कुठे जायला बघते आहे? ब्रेक लागला की मालाला पुढे ढकलणारा जोर त्याच्या वजनाच्या ०.८ पट धरतात. वळणावर बाजूला आणि गाडी पुढे झेपावताना मागे, ०.५ पट. युरोपच्या ईएन १२१९५-१ या माल बांधणीच्या मानकात आणि अमेरिकेच्या ट्रक नियमांत हेच आकडे आहेत, आणि भौतिकशास्त्र पनवेलला वेगळं नसतं. २० टनांची कॉईल कचकन ब्रेक मारल्यावर १६ टनांनी केबिनकडे यायला बघते. पुढचं सगळं या १६ टनांसाठी आहे.

आधी टॅग, मग टेप

कॉईलवरच्या टॅगवर वजन, रुंदी आणि जाडी असते. ते बिल्टीशी ताडून बघाच, पण टेपनेही एकदा मोजा. हॉट रोल्ड कॉईलचं आतलं भोक बहुतेक ७६२ मिलिमीटरचं, कोल्ड रोल्डचं, म्हणजे थंड लाटलेल्या पत्र्याचं, ५०८ किंवा ६१०. बाहेरचा व्यास १.८ मीटर, भोक ०.७६२ आणि रुंदी १.२५ मीटर असेल तर स्टीलचं आकारमान साधारण २.६१ घनमीटर येतं. त्याला ७.८५ ने गुणलं की २०.५ टन. मोबाईलवर दोन मिनिटांचं काम. टॅगवर १६ लिहिलंय आणि टेप २० सांगतेय, तर गाडी भरायची नाही, डिस्पॅचला विचारायचं.

त्याच वेळी कॉईलभोवतीच्या पट्ट्या बघा. एखादी तुटलेली असेल किंवा आतले वेढे एका बाजूला दुर्बिणीसारखे बाहेर आले असतील, तर ती कॉईल कितीही आवळली तरी रस्त्यात आणखी सरकते आणि चेन ढिली पडते. अशी कॉईल परत पाठवायची. हातही जवळ नेऊन बघा, कारण गुंडाळताना ती कित्येक शे अंशांवर असते आणि पूर्ण थंड व्हायला दिवस लागतात. गरम कॉईलखाली रबर मॅट जळते. पॉलिस्टर बेल्टचा तर १०० अंशांच्या पुढे भरवसाच नाही, तिथे चेनच लागते.

काट्यावर पास, आसावर नापास

२०१८ मध्ये आसांच्या मर्यादा वाढल्या तेव्हापासून दोन आसांचा घोडा (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) आणि मागे तीन आसांचा ट्रेलर मिळून ४५.५ टन चालतात. घोडा तीन आसांचा असेल तर ५५. पहिल्या प्रकारात मागच्या तीन आसांचे २७ टन वजा केले की घोड्याच्या वाट्याला १८.५ उरतात.

समजा घोड्याचं स्वतःचं वजन ७ टन, रिकाम्या ट्रेलरचं ७, आणि ट्रेलरच्या सातातले २ टन किंगपिनवर (ट्रेलर घोड्याला जोडणारी खुंटी, तिच्यावरचा भार घोडा झेलतो), ५ मागच्या आसांवर. किंगपिनपासून मागच्या तीन आसांच्या मध्यापर्यंत ८ मीटर. कॉईल २८ टनांची. एकूण ४२ टन, म्हणजे काट्यावर आरामात पास.

आता ही कॉईल किंगपिन आणि आसांच्या बरोबर मधोमध ठेवा. निम्मं वजन, १४ टन, किंगपिनवर येतं. घोड्यावर ७ अधिक २ अधिक १४, म्हणजे २३ टन, मर्यादेपेक्षा साडेचार टन जास्त. एकूण वजन कायद्यात आणि घोड्याचा मागचा आस मरतोय. तीच कॉईल आसांच्या मध्यापासून २.३ मीटर पुढे ठेवली तर किंगपिनवर सुमारे ८ टन जातात आणि उरलेले २० आसांवर. घोडा १७, मागचे आस २५. दोन्हीकडे बसलं.

हे आकडे माझ्या उदाहरणाचे आहेत. तुमच्या ट्रेलरचे तुम्ही मोजायचे: रिकामा ट्रेलर जोडून आधी फक्त घोडा काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी. एकदा हिशेब झाला की १८, २२, २५ आणि २८ टनांसाठी चार खुणा डाल्याच्या कडेला ऑइलपेंटने मारून ठेवा. क्रेनवाल्याला "जरा मागे, जरा पुढे" करत बसण्यापेक्षा हे बरं. फार मागे ठेवली तर उलटा त्रास: किंगपिन हलका होतो आणि चढावर, विशेषतः पावसात, घोड्याची चाकं जागेवर फिरतात.

दंडाचं सांगायचं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली ओव्हरलोडला २० हजार, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, आणि जादा माल उतरवून घ्यायचा खर्चही आपलाच. २८ टनांच्या अख्ख्या कॉईलमधला जादा टन उतरवणार कसा, हा प्रश्न रस्त्यात उभा राहून सोडवायचा नसतो.

भोक कुठल्या दिशेला

कॉईल तीन प्रकारे ठेवतात.

भोक रस्त्याच्या दिशेने, म्हणजे केबिनमागे उभं राहिलं तर बोगद्यातून आरपार मागचा रस्ता दिसेल असं. ही कॉईल घरंगळलीच तर बाजूला घरंगळते. ब्रेक लागला की घरंगळत नाही, घसरते.

भोक आडवं, म्हणजे रस्त्याच्या कडेला उभ्या माणसाला आरपार दिसेल असं. ही ब्रेकमध्ये थेट केबिनकडे घरंगळते. अमेरिकेतले ट्रकवाले या मांडणीला सरळ ‘सुसाईड’ म्हणतात.

तिसरा प्रकार भोक आकाशाकडे, ज्याला पॅकिंगवाले ‘आय टू स्काय’ म्हणतात. स्लिटिंग केलेल्या, म्हणजे उभ्या पट्ट्यांत कापलेल्या, अरुंद कॉईल अशा पॅलेटवर येतात.

आडवी ठेवायची की सरळ, हे अनेकदा लोडिंगवाल्याच्या सी-हुकवर (भोकात शिरणारा, इंग्रजी सी आकाराचा क्रेनचा हुक) आणि उतरवण्याच्या ठिकाणच्या क्रेनवर ठरतं. माझं मत विचाराल तर निवड हातात असेल तेव्हा भोक रस्त्याच्या दिशेने. कारण पुढे बैठकीत येतंच. अरुंद कॉईल मात्र अशी उभी करू नका. ब्रेकच्या ०.८ पट जोरात, ज्या कॉईलची रुंदी व्यासाच्या ०.८ पटीपेक्षा कमी आहे ती पुढे कलंडायला बघते. १.४ मीटर व्यासाची आणि ३०० मिलिमीटर रुंदीची पट्टी म्हणजे काठावर उभं केलेलं नाणं. तिला पॅलेटवर भोक आकाशाकडे करूनच झोपवायचं.

बैठक: इथे कंजुषी नको

अपघाताचे फोटो बघताना लोक तुटलेली चेन शोधतात. मी आधी बैठक बघतो. गोल वस्तू कशावर बसली आहे यावर निम्मा खेळ ठरतो.

बैठक म्हणजे दोन्ही बाजूंनी उतार असलेल्या पाचरी, किंवा वेल्ड केलेलं लोखंडी क्रेडल, किंवा डाल्यातच खोलगट खाच असलेला खास कॉईल ट्रेलर. कुठलंही घ्या, तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत.

उतार ३५ अंशांपेक्षा कमी नको. १.८ मीटर व्यासाची कॉईल ३५ अंशांच्या उतारावर टेकते तेव्हा टेकण्याची जागा कॉईलच्या तळापासून सुमारे १६ सेंटिमीटर वर असते, आणि दोन्ही बाजूंच्या टेकण्याच्या जागांत एक मीटरहून थोडं जास्त अंतर असतं. पाचर याहून बुटकी असेल तर कॉईल उतारावर टेकतच नाही, नुसती पाचरीच्या धारेवर बसते.

कॉईलचा तळ डाल्याला टेकता कामा नये. किमान २० मिलिमीटर फट हवी, म्हणजे सगळं वजन उतारांवरच येतं. बसवल्यावर खाली वाकून टॉर्च मारायची. पलीकडचा उजेड दिसला की झालं. दिसला नाही तर कॉईल डाल्यावर बसलीय आणि पाचरी शोभेला आहेत.

तिसरी गोष्ट, दोन्ही पाचरी एकमेकींपासून फाकता कामा नयेत. लोखंडी पट्टीने किंवा आरपार बोल्टने त्या बांधलेल्या हव्यात. खिळ्यांवर भिस्त नको. आडव्या ठेवलेल्या कॉईलसाठी नुसत्या खिळ्यांनी धरलेल्या पाचरी अमेरिकेच्या नियमांत स्पष्ट शब्दांत बंद आहेत.

आता चार इंची लाकडी गुटक्याचं बघू, कारण तो सगळीकडे चालतो. १.८ मीटर व्यासाच्या कॉईलला १० सेंटिमीटर उंचीचा गुटका लावला तर तो तळापासून २७ अंशांवर टेकतो. त्याची टॅन्जंट ०.५१. म्हणजे वजनाच्या निम्म्या जोराला कॉईल गुटक्यावर चढायला सुरुवात करते. भोक रस्त्याच्या दिशेने असेल तर वळणावरचा ०.५ जोर कसाबसा झेलला जातो, हातात काहीच शिल्लक राहत नाही. भोक आडवं असेल तर ब्रेकचा ०.८ जोर त्याला सरळ पार करतो. आणि तीन इंची गुटका? टॅन्जंट ०.४४. त्यापेक्षा न लावलेला बरा, निदान खोटा धीर तरी मिळणार नाही.

३५ अंशांची टॅन्जंट ०.७. बाजूच्या ०.५ ला ती भरपूर पुरते, ब्रेकच्या ०.८ ला नाही. आडव्या कॉईलला उत्तम क्रेडल असूनही चेनशिवाय भागत नाही ते यामुळे, आणि मी सरळ ठेवा म्हणतो तेही यामुळेच.

लाकूड बाभळीचं किंवा सालाचं, कठीण. पॅकिंगचं पांढरं लाकूड २० टनांखाली चेपतं, चेपलं की कॉईल दोन-चार मिलिमीटर खाली जाते आणि सगळ्या चेन एकदम ढिल्या पडतात. उतारावर आणि क्रेडलखाली रबर मॅट टाका. स्वच्छ मॅटचं घर्षण ०.६ धरतात, तेलकट स्टीलवर स्टीलचं ०.१. २०.५ टनांच्या सरळ ठेवलेल्या कॉईलला ब्रेकमध्ये १६.४ टनांचा जोर येतो. मॅट असेल तर त्यातले १२.३ घर्षणच खातं आणि चेनकडे ४ टन उरतात. मॅट नसेल, डाल्यावर तेल सांडलेलं असेल, तर चेनकडे १४ टनांहून जास्त. हजार-दोन हजाराच्या रबराचं हे काम आहे. अर्थात मॅटवर ग्रीस, वाळू किंवा भुसा असेल तर ०.६ विसरा, आधी झाडू आणि फडकं.

क्रेनखाली

गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक लावलेला, चाकांना ठोकळे, ड्रायव्हर केबिनबाहेर. सी-हुक पूर्ण आत गेला का ते इशारे देणाऱ्या एकाच माणसाने बघायचं. कॉईल लटकत असताना पाचर हाताने सरकवायची नाही, लांब दांड्याने. कॉईल टेकल्यावर हुक लगेच काढू नका. वजन हळूहळू सोडा, स्प्रिंगा बसू द्या, ट्रेलर एका बाजूला कलतोय का बघा, खालची फट बघा, आणि मगच हुक. मध्यरेषेपासून एक वीत जरी बाहेर बसली असेल तरी उचलून परत ठेवायला लावा. क्रेनवाला कुरकुर करणारच.

चेन: कुठली, किती, कुठून कुठे

चेनच्या कडीवर ८ किंवा ८० असा ग्रेडचा ठसा शोधा. ठसा नसलेली चेन म्हणजे भंगार बाजारातली अंदाजपंचे चेन. १० मिलिमीटरच्या ग्रेड ८० चेनची उचलण्यासाठीची क्षमता ३.१५ टन, १३ मिलिमीटरच्या चेनची ५.३. बांधणीसाठी विकल्या जाणाऱ्या चेनच्या टॅगवर १० मिलिमीटरलाच ६.३ टनांचा आकडा दिसेल. दोन्ही बरोबर आहेत: उचलताना तुटण्याच्या ताकदीचा चौथा हिस्सा धरतात, बांधताना निम्मा. एकाच हिशेबात दोन्ही मिसळू नका. मी नेहमी लहान आकडा घेतो.

साधा नियम असा की चेनच्या क्षमतांची बेरीज कॉईलच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त हवी. २०.५ टनांना १०.२५. १० मिलिमीटरच्या चार चेन म्हणजे १२.६ टन. चेन डाल्याच्या एका बाजूच्या कडीतून निघून कॉईलवरून किंवा भोकातून दुसऱ्या बाजूच्या कडीला गेली तरच ती पूर्ण मोजायची. ज्या बाजूने निघाली त्याच बाजूला परत आली तर निम्मी. घाट असेल तर मी चारावर थांबत नाही, सहा लावतो.

बेल्टबद्दल एक इशारा. ५० मिलिमीटरच्या बेल्टवर ‘५ टन’ छापलेलं असलं तरी तो आकडा बहुतेक वेळा तुटण्याचा असतो; सरळ ओढीत निम्माच धरायचा. शिवाय कॉईलची कड बेल्टला ब्लेडसारखी कापते. बेल्ट पॅलेटवरच्या हलक्या कॉईलसाठी ठीक, तोही कॉर्नर गार्ड लावून. वायर रोप वापरणारे अजून आहेत. वापरायचाच तर क्लॅम्पचा यू मोकळ्या टोकावर आणि क्लॅम्पची बैठक भार घेणाऱ्या दोरावर. उलटा लावला की भाराचा दोरच चेचला जातो.

दिशेत सगळ्यात जास्त गोंधळ होतो. पुढे जाणाऱ्या कॉईलला अडवणारी चेन कॉईलपासून मागे जाते. केबिनकडे ओढून बांधलेली चेन फक्त मागे जाणं अडवते. हे वाचताना सोपं वाटतं, पण चहाच्या टपरीवर उभ्या गाड्या बघा, चारही चेन पुढे ओढलेल्या दिसतील.

भोक आडवं असेल तर: पहिल्या दोन चेन भोकातून आरपार, दोन्ही टोकं डाव्या-उजव्या कड्यांना मागच्या दिशेने. उरलेल्या दोन तशाच, पण पुढच्या दिशेने. बाजूने बघितलं तर डाल्याशी कोन ४५ अंशांपेक्षा जास्त नको. चेन जितकी उभी, तितकी पुढच्या जोराला निकामी. या मांडणीत वरून बघताना फुली दिसेल अशा तिरक्या चेन लावायच्या नाहीत.

भोक रस्त्याच्या दिशेने असेल तर उलट, इथे फुलीच हवी. एक चेन डाव्या-पुढच्या कडीतून भोकात शिरून उजव्या-मागच्या कडीला, दुसरी उजव्या-पुढच्या कडीतून डाव्या-मागच्या कडीला, आणि एक-दोन कॉईलच्या डोक्यावरून आडव्या. शिवाय कॉईलच्या पुढच्या तोंडाला आडवा अडसर: डाल्याच्या खाचेत बसणारे खांब आणि त्यांना टेकलेला तुळईचा तुकडा. केबिनमागची जाळी कॉईलपासून काही मीटर दूर असते, तिच्यावर विसंबू नका. तिथवर पोहोचेपर्यंत कॉईलने चांगलाच वेग घेतलेला असतो.

आकाशाकडे भोक असलेल्या कॉईलला दोन तिरक्या, एक आडवी, आणि पुढे अडसर किंवा खाली मॅट.

कड्या कशाला वेल्ड केल्या आहेत ते बघा. चेसीसला किंवा क्रॉस मेंबरला (चेसीसच्या आडव्या तुळईला) असतील तर ठीक, डाल्याच्या कडेच्या पातळ पट्टीला असतील तर ती पट्टीच उपटून येते. वेल्डभोवती गंजाची तांबूस रेघ दिसली तर आत तडा असण्याची दाट शक्यता. भोकाच्या कडेवर चेनखाली अर्धगोल गार्ड किंवा जुन्या टायरचा जाड तुकडा घाला. चेन टिकते, आणि आतले वेढे चेपले म्हणून माल परत येत नाही.

आवळायला रॅचेट बाइंडर, म्हणजे दात्यांवर फिरवून चेन ताणणारं साधन. लिव्हर बाइंडरच्या दांड्याला पाईप लावून उडी मारणारे क्लीनर सगळ्यांनी पाहिलेत. तो दांडा सुटला की जबडा जातो. चेनला गाठ नाही, पीळ नाही. चारही चेन थोड्या थोड्या आळीपाळीने आवळा. एक पूर्ण आवळून दुसरीकडे गेलात तर पहिली ढिली झालेली असते.

ताडपत्री

कोल्ड रोल्ड आणि गॅल्व्हनाइज्ड मालाला पाणी चालत नाही. वेढ्यांत शिरलं की गंज धरतो, गॅल्व्हनाइज्डवर तो पांढरा असतो, आणि माल नाकारला जातो. ताडपत्री भोकाच्या दोन्ही तोंडांवरून खाली आली पाहिजे. मात्र बाइंडर ताडपत्रीखाली असे लपवू नका की रस्त्यात बघायला सगळं सोडावं लागेल. ताडपत्रीचा दोर बांधणीत मोजायचा नाही, हे सांगायला लागू नये.

रस्त्यावर

गेटबाहेर पडून दहा-पंधरा किलोमीटरवर पहिला थांबा. लाकूड चेपतं ते याच टप्प्यात. अमेरिकेत पहिल्या ८० किलोमीटरच्या आत आणि पुढे दर तीन तासांनी किंवा २४० किलोमीटरवर बघणं सक्तीचं आहे. पेण-खोपोली रस्त्याचे खड्डे आणि गतिरोधक बघता मी आणखी लवकर थांबतो. दुसरा थांबा खोपोलीत, बोरघाट चढण्याआधी. प्रत्येक चेनवर हाताचा जोर द्या, पाचरी हलल्या का बघा, आणि कॉईलच्या टेकण्याच्या जागी लोडिंगच्या वेळी खडूची रेघ मारली असेल तर ती जुळते का बघा. रेघ सरकली असेल तर नुसतं आवळून निघू नका, का सरकली ते शोधा.

चढाचा उतार मालाला फारसा मागे ओढत नाही. सहा टक्के चढ म्हणजे वजनाच्या ०.०६ पट. धोका वळणात आणि उतारावर तापलेल्या ब्रेकमध्ये. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० ला बाजूचा जोर वजनाच्या पाव पट असतो, ६० ला तो ०.५७ पट होतो, म्हणजे बांधणीच्या हिशेबापलीकडे. माल घेऊन मुंबईकडे घाट उतरत असाल तर वरूनच खालचा गिअर टाका, ब्रेक दाबत उतरू नका.

उतरवताना

प्रवासात कॉईल सरकलेली असू शकते आणि नुसत्या चेनच्या ताणावर उभी असू शकते. म्हणून बाइंडर सोडण्याआधी दोन्ही बाजूंनी फेरी, पाचरी जागेवर आहेत याची खात्री, आणि ज्या बाजूला ती झुकली असेल तिथे कुणी नाही हे बघणं. क्रेनचा हुक भोकात जाऊन किंचित ताण घेईपर्यंत शेवटच्या दोन चेन सोडू नका. पाचरी कॉईल पूर्ण वर उचलली गेल्यावरच हलवायच्या. कॉईलच्या पट्ट्या ट्रेलरवर कधीच कापू नका. जाड हॉट रोल्डचं सुटं टोक झटक्यात उघडतं. गोदामातही पट्टी कापताना ते टोक कॉईलच्या तळाशी, स्वतःच्याच वजनाखाली दाबलेलं असलं पाहिजे. चेन मोजून, पुसून पेटीत टाका आणि ज्या कडीवर चीर किंवा ताणलेली लांबी दिसली तिला लाल रंग मारून बाजूला काढा.